चौदा माणसं आणि एक घंटा

"बुहारी, घंटा उतरवू नकोस. ती वाटसरूंसाठी आहे," सुनकेसरीआमाने सुनेला बजावलं होतं. निर्जलाने ते कानाआड केलं. चार महिन्यांची लेक दुपारी कुठे डोळा लावायची, आणि नेमका तेव्हाच काली गंडकी नदीच्या पात्रातला वारा सुटून सराईच्या दारावरची घंटा घणघणायची. आता तर गाड्या धावतात, फोन आहेत! एके दिवशी सकाळी आमा पलीकडच्या काठावर कुट्टूचं पीठ आणायला गेली, तशी कॉलेज शिकलेल्या निर्जलाने घंटा काढून तांदळाच्या डब्याआड ठेवली.

घंटा आमाच्या आजेसासूच्या वेळची. मिठाचा तांडा नदीच्या पात्रात वाळूच्या वादळात सापडला, तेव्हा पुढचं खेचर गळ्यातली घंटा वाजवत सराईशी आलं, आणि त्या आवाजामागे अकरा माणसं. खेचर मेल्यावर आजेसासूने घंटा तुळईला टांगली. पुढे दार बदललं, छप्पर बदललं. घंटा हलली नव्हती.

आमा अकरा वाजेपर्यंत परतायची होती. एक वाजला. समोरचा काठ धुरळ्यात बुडाला. फोन लागेना. पात्रात वाट अशी नसतेच, नुसते गोटे आणि पाण्याचे फाटे.

लेकीला पाठीशी बांधून निर्जलाने घंटा पुन्हा टांगली. वाऱ्यावर भिस्त न ठेवता पितळी पळीने बडवत सुटली. लेकीने टाहो फोडला.

"रड, माझे बाई, तूही रड! आजीला ऐकू जाऊ दे!"

हात भरून आले, तरी ती थांबली नाही. शेवटी धुरळ्यातून आधी शिवी आली.

"अगं मेले, फोडतेस की काय घंटा!"

मागोमाग आमा, पाठीवर पिठाचं पोतं. तिच्या शालीचं टोक धरून एक मास्तर, मास्तरांचा कोट धरून त्यांची बायको, आणि अशीच एकामागे एक, पात्रात रुतलेल्या बसमधली माणसं.

आमाने दारात उभं राहून मोजली. "चौदा! आजेसासूची अकराच होती. हरवलंस की गं म्हातारीला!"

निर्जला रडत म्हणाली, "आमा, मीच उतरवली होती."

"ठाऊक आहे. पात्रात मधोमध कान लावून उभी होते ना, घंटा वाजतच नव्हती. आता डाळ वाढव, सगळे भुकेले आहेत."

त्या दुपारी चूल विझली नाही.

निर्जला आता लेकीच्या शाळेपायी पोखऱ्यात राहते. आमा सराई सोडायला तयार नाही; दुपारी वारा सुटला की स्वतः पळीने घंटा वाजवते. म्हणून मुक्तिनाथाकडे निघालेल्या प्रत्येकाला निर्जला एकच गळ घालते, तीच तुम्हालाही: "दुपारच्या वाऱ्यात तिथून जाताना घंटा ऐकू आली नाही, तर पुढे जाऊ नका. आत डोकावून माझ्या आमाला बघून या."