पुढच्या रांगेतले अक्रोड

मी एक जुना रीफर आहे. म्हणजे पोटात थंडी घेऊन समुद्र ओलांडणारा पोलादी कंटेनर. ऐन उमेदीत मी इतका कडक होतो, की एक ड्रायव्हर माझ्या दारात शिंकला तेव्हा ती शिंक हवेतच गोठली आणि खणकन खाली पडली. हसू नका, मित्रांनो. माझ्या तळाला अजून पोचा आहे.

गोठवलेली फळं आणि सुकामेवा घेऊन मी कितीतरी बंदरं पाहिली. पण माझा एक स्वभाव ध्यानात ठेवा: मी माल गार करत नाही, गार माल गार ठेवतो. फळं एकदा विरघळली की पुन्हा गोठताना त्यांचा गोळा होतो. म्हणूनच परदेशातले व्यापारी फळांची पिशवी कानाशी धरून हलवतात. खुळखुळली तर सौदा पक्का, गप्प राहिली तर माल परत.

चेरी गोठवणाऱ्या ताईंचा पहिला परदेशी माल माझ्याच पोटात भरला. तो परत आला असता तर त्यांच्या कारखान्याला कुलूपच लागलं असतं. त्यांच्या आत्याबाईंनीही आपल्या बागेतले अक्रोड हवाबंद डब्यांत भरून दिले होते.

"माझे डबे पुढे, दाराशी! फोटोत दिसायला नकोत?"

"आत्या, माल विकायचाय, फोटो नाही!"

"तुझी नुसती खोकी. माझ्या डब्यांवर चित्र आहे, चित्र!"

आत्याबाईंपुढे कुणाचं चाललंय? डबे पुढे आले आणि सगळं घर माझ्या उघड्या दारापुढे उन्हात उभं राहिलं. ताईंचे काका हसले की आत्याबाईंचे डोळे मिटत. आत्याबाईंनी डोळे उघडले की काकांना खोकला येई. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "ताई, माल पाठवताय की लग्न लावताय? तिकडे चेरीचं सरबत पोचेल!"

ताईंनी डब्यांना हात लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डबे कोमट झाले होते. मागच्या चेरी कशा आहेत हे पाहायचं, तर दार आणखी उघडं ठेवावं लागलं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि दार लावून घेतलं.

भर समुद्रात मी असा जोर लावला, की शेजारचा केळ्यांचा कंटेनर म्हणाला, "दादा, जरा दमानं! मला हुडहुडी भरतेय."

पलीकडच्या बंदरात व्यापाऱ्याने अक्रोड बाजूला केले, त्यांच्या मागचंच खोकं फोडलं आणि पिशवी कानाशी धरून हलवली.

खुळखुळ, खुळखुळ!

ऊन सगळं अक्रोडांनी खाल्लं होतं. व्यापाऱ्याने ताईंना फोन लावला आणि थेट फोनपाशी पिशवी हलवली. पलीकडे ताई हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. आत्याबाई मात्र स्वच्छ ऐकू आल्या: "आणि डबे पुढे नकोत म्हणून कोण भांडत होतं गं?"

आता माझं यंत्र काढून टाकलंय. ताईंनी मला विकत घेऊन, खिडकी पाडून ऑफिस केलंय. भिंतीवर तोच फोटो आहे. आत्याबाईंचे डोळे मिटलेलेच. थंडी आत अडवून धरणारं माझ्या दाराचं रबर मात्र तडकलंय. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

मित्रांनो, तुम्हीही घरी फ्रीज उघडून "काय बरं खावं?" असा विचार करत उभे राहता ना? आधी ठरवा, मग उघडा, आणि लगेच लावा. दाराच्या रबरावरूनही कधी मायेनं फडकं फिरवा. प्रत्येकाच्या दाराशी आत्याबाईंचे अक्रोड नसतात.