गाडी कोण चालवत होतं

आमचं गाव पाटोद्याच्या पलीकडे माळावर, आणि मी त्या गावची सरपंच. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून निवडून आले. कारभार आमचे हे, विजयसिंह, बघतात. ग्रामसभेत माझ्या खुर्चीवर हेच बसतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटेनासं झालं होतं, तेच मेलं सगळ्यात वाईट.

नवी गाडीसुद्धा माझ्याच नावावर आली. भली थोरली, काळी, ऑटोमॅटिक. गावभर पेढे वाटले आणि किल्ली यांच्या खिशात गेली.

लहान गाडी मी आधीपासून चालवायचे, लेकीला, तेजश्रीला, पाटोद्याला शाळेत सोडायला. शोरूमचा माणूस नवी गाडी शिकवायला आला तेव्हा हे म्हणाले, "मला काय शिकवतो बे? जीप अन् ट्रॅक्टरवर जिंदगी गेली माझी." आणि ओट्यावर चहा पीत बसले. मग मीच शिकले.

त्याने समजावून सांगितलं की हिला क्लच नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने, डावा पाय मागे ओढून ठेवायचा. जरा पाय टेकवला तरी ही गाडी झेप घेते, म्हणून पुढचं लांबूनच ओळखून वेग कमी करायचा. पहिल्याच दिवशी माझा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडला. पट्टा होता म्हणून कपाळ वाचलं. मग रोज सकाळी माळावरच्या रस्त्याला जाऊन मी त्या पायाला शिस्त लावली. गाडी माझं ऐकायला लागली त्या दिवशी जो आनंद झाला, तो निवडून आले तेव्हाही झाला नव्हता.

गावाने ते पाहिलंच, वर हसलंही. अभिमन्यू म्हणजे यांची सावली. तो पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, वैनी गाडी चालवायल्या अन् तुमी बाजूला बसणार. बरं दिसतंय का?" त्या दिवसापासून माझं चालवणं बंद.

"निदान डावा पाय तरी मागं ठेवत जा," मी यांना म्हटलं.

"आता तू मला पाय कुठं ठेवायचा ते सांगणार?"

मग कडा गावी एक लग्न निघालं. हे चालवत होते, शेजारी अभिमन्यू, मागे सरपंचबाई. पुढे धुळाजीची मेंढरं रस्ता ओलांडताना लांबूनच दिसली. धुळाजी आमच्याच गावचा. खतासाठी त्याची मेंढरं आमच्या रानात बसतात, त्यावर त्याचं पोट चालतं.

"अहो, हळू घ्या."

यांनी हॉर्न दिला. मेंढरं हलली नाहीत. जीपमध्ये हे नेहमी क्लच दाबून इंजिन घुमवायचे, त्या आवाजाने जनावरं बाजूला व्हायची. तेच इथे केलं. डावा पाय दाबला तो ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. गाडीने हिसका दिला तसा यांनी दचकून डावा उचलला, आणि उजवा होता तिथेच राहिला. गाडी कळपात घुसली. मेंढरं चाकाखाली गेली आणि धुळाजीची मांडी मोडली.

यांनी स्टिअरिंग सोडलं ते पुन्हा धरलंच नाही. धुळाजीला मागे झोपवून दवाखान्यापर्यंत गाडी मीच नेली, त्याला हिसका बसू न देता. दारात मी ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले तेव्हा सगळे बघत होते.

यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "गाडी तूच चालवत होतीस म्हण. लायसन हाय तुझं, गाडी तुझ्या नावावर हाय. बाईमाणसाला कुणी आत टाकत न्हाई. माझं झेडपीचं तिकीट जाईल गं."

आयुष्यात पहिल्यांदा मी यांना नाही म्हटलं. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला सरळ सांगितलं, "गाडी हे चालवत होते. मी मागे बसले होते."

हवालदाराने अभिमन्यूकडे पाहिलं. "वैनीच चालवत व्हत्या," तो म्हणाला. गावाकडून धावत आलेले, अपघाताच्या जागी नसलेले दोन गावकरीही म्हणाले, "रोज सकाळी चालवायच्या की. समद्या गावानं बघितलंय." त्याच तोंडांनी ते मला हसले होते. माझं अंग रागाने पेटलं.

राहिला धुळाजी. त्याने तरी खरं सांगावं म्हणून मी देवाचा धावा केला. तो यांच्याकडे बघत राहिला. मग छताकडे बघत म्हणाला, "बाईच व्हत्या." त्याच्यावर तरी मी कुठल्या तोंडाने चिडू? त्याची उरलेली मेंढरं आमच्याच रानात बसायची होती.

हवालदाराने माझं नाव लिहून घेतलं. "बाई, एवढी ताकदीची गाडी लेडीजनी चालवूच नये," तो म्हणाला.

यांनी उसासा टाकला. "लई समजावलं हो हिला. ऐकतच न्हाई."