तळघरातला वन्स मोअर

सांगलीच्या माणसाला नाटकातलं पद आवडलं की नुसत्या टाळ्यांवर त्याचं भागत नाही. तो ओरडतो, "वन्स मोअर!" मग गाणाऱ्याने मुकाट्याने पद पुन्हा म्हणायचं, असा तिथला रिवाज. शब्द इंग्रजांचे, पण रीत आपली. खुद्द इंग्रज मात्र असं ओरडत नाहीत, हे सांगलीच्या शैलजाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं असतंच असं नाही.

१९६५ साली तिचे यजमान देवदत्तराव इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, मोटारींच्या कारखान्यात ट्रेनी होते. नवं लग्न, भाड्याची एक खोली, आणि थंडी अशी की शनिवारी संध्याकाळी बाहेर पडायचं ते निव्वळ ऊब मिळावी म्हणून. अशाच एका शनिवारी ती दोघं एका क्लबच्या तळघरात शिरली. तिथे ‘द कॉर्नर लॅम्प्स’ नावाची चार पोरं गिटारी घेऊन गात होती. पुढे दोन-तीन वर्षं त्यांचं नाव गाजलं आणि विझलंही, पण तेव्हा त्यांना गल्लीबाहेर कुणी विचारत नव्हतं. त्यांनी एक संथ गाणं म्हटलं. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. आणि साडीवर कोट चढवलेली शैलजा उठून उभी राहिली आणि खणखणीत ओरडली, "वन्स मोअर!" अख्खं तळघर मान वळवून बघायला लागलं. पोरांनी हसत हसत गाणं पुन्हा म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर कुणाचा तरी टेपरेकॉर्डर चालू होता, तो त्या दोघांच्या अगदी शेजारी.

हा किस्सा देवदत्तरावांनी पुढे अमेरिकेत आल्यावर मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या प्रत्येक गणपतीत आणि घरोघरून पदार्थ आणून होणाऱ्या प्रत्येक पॉटलकला सांगितला. शेवट ठरलेला असे. "मी म्हटलं, शैला, खाली बस. बसली बिचारी." लोक हसायचे. शैलजा स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं बघायची.

बोलायचं म्हटलं तरी तिला कष्टच पडत. मिशिगनला आल्यावर तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि त्यात गळ्यातली एक नस दुखावली. त्यानंतर तिचा आवाज घोगरा, अर्धा वाटेतच विरून जाणारा झाला. गाणं तर सुटलंच. हट्ट मात्र होता तसा राहिला. "मी नाही बर्फ काढायची, तुम्हीच काढा," हेही ती घोगऱ्या आवाजात म्हणायची आणि देवदत्तराव निमूट फावडं उचलायचे. मुलीचा, राधिकेचा, जन्म या सगळ्यानंतरचा. तिला आई माहीत होती ती याच आवाजाची. घरातल्या व्हिडिओ कॅसेट्सवरही हाच आवाज होता.

शैलजा जाऊन आता वर्ष झालं होतं. तिचा पहिला आवाज ऐकलेलं माणूस या देशात एकच उरलं होतं, आणि तेही डळमळायला लागलं होतं. देवदत्तराव डोळे मिटून तो आवाज आठवायला बसत आणि कानात घोगराच येई. आपल्याबरोबर तो आवाजही जाणार, आणि बहुतेक आपल्याआधीच जाणार, याची त्यांना फार भीती वाटे. तसं कुणाला सांगावं असं आसपास कुणी नव्हतं.

म्हणून २००६च्या ऑक्टोबरात पेपरातली एक छोटी बातमी वाचून त्यांचा चहा निवून गेला. ‘द कॉर्नर लॅम्प्स’ची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज गोळा करून दोन सीडींचा संच निघाला होता. त्यात कॉव्हेंट्रीच्या तळघरातल्या टेपाही होत्या. त्यांनी त्याच दिवशी पुस्तकं-सीडींच्या दुकानात जाऊन तो मागवला.

संच आला, पण त्यांनी उघडला नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला राधिका येणार होती, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून, छोट्या नातीला, अनयाला घेऊन. सगळ्यांनी मिळून ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं. एरवी पार्सल दारातच फाडणाऱ्या या माणसाने ते खोकं शैलजाच्या फोटोपाशी ठेवलं आणि येता-जाता फक्त पुसलं.

सुट्टीच्या दोन दिवस आधी राधिकेचा फोन आला.

"बाबा, आय ॲम सो सॉरी. आमचं सॉफ्टवेअरचं रिलीज अडकलंय. तिकिटं कॅन्सल करावी लागली. ख्रिसमसला नक्की येते."

"असू दे गं. काम आधी," देवदत्तराव म्हणाले. सीडीचं त्यांनी काही सांगितलं नाही. सांगून तिला आणखी कशाला ओशाळं करायचं?

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोकांच्या मुला-नातवंडांच्या गाड्या लागल्या होत्या. देवदत्तरावांनी वरण-भात खाल्ला, ताट धुतलं आणि खोकं उघडलं. आता ख्रिसमसपर्यंत दम धरणं त्यांच्याच्याने होईना.

गाणं लागलं. संपलं. बेताच्या टाळ्या झाल्या. आणि मग, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून, "वन्स मोअर!"

घरभर आवाज घुमला. घोगरेपणाचा मागमूस नाही. देवदत्तरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात एक चिडका, घाबरट आवाज आला, "शैला, खाली बस." स्वतःचा आवाज ऐकून ते इतके शरमले की त्यांनी सीडी तिथेच थांबवली आणि राधिकेला फोन लावला.

"एक ऐकवतो. नीट कान देऊन ऐक," म्हणाले आणि फोन स्पीकरजवळ धरला.

राधिका हसली. "बाबा, हे तुम्ही! किती यंग वाटताय. हे काय आहे?"

"आणि त्याच्या आधी?"

"आधी कुणीतरी बाई ओरडली. कोण आहे ती?"



"तुझी आई," ते म्हणाले.

"मला ओळखू नाही आली, बाबा," राधिका म्हणाली. "आईचा आवाज असा नव्हता."

"तुला कसा ओळखू येईल, बाळ? चूक तुझी नाही."

मग तिच्या ऑफिसचा दुसरा कॉल आला. रात्री बोलते म्हणून तिने फोन ठेवला.

ते पुन्हा खुर्चीत बसले. आता त्यांना शैलजाचा तेवढा आवाज हवा होता, आपला नको. ‘मोअर’ संपताक्षणी बटण दाबायचं, असा खेळ त्यांनी मांडला. पण म्हातारं बोट दर वेळी उशिरा पडे आणि ‘खाली बस’ ऐकूनच सीडी थांबे. शेवटी कंटाळून त्यांनी रिमोट ठेवून दिला आणि पहिल्यांदाच सीडी पुढे जाऊ दिली.

"शैला, खाली बस."

लोक हसले. त्या हशातून तोच खणखणीत आवाज आला.

"मी नाही बसायची. तुम्हीच उठा!"

देवदत्तराव आ वासून स्पीकरकडे बघत राहिले. म्हणजे ती बसलीच नव्हती. त्या दिवशी लाजेने त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, आणि नंतर इतकी वर्षं ते साऱ्या ट्रॉयला चुकीचं सांगत होते. ती दारातून नुसतं बघायची ते यासाठी.

हे राधिकेला ओळखू येणार होतं. आवाज राहू दे बाजूला, आईची असली वाक्यं ती घरात लहानपणापासून ऐकत आली होती. त्यांनी घाईघाईने तिचा नंबर फिरवला. फोन वाजत राहिला आणि व्हॉइसमेलवर गेला. त्यांनी सीडी मागे नेली आणि फोन पुन्हा स्पीकरपाशी धरला.

"तुम्हीच उठा!" शैलजा म्हणाली.

देवदत्तरावांनी गुडघ्यावर हात टेकला आणि ते उठले. चार पोरांनी गाणं पुन्हा धरलं. मधेच कधीतरी व्हॉइसमेलची वेळ संपून फोन बंद झाला, पण गाणं संपेपर्यंत देवदत्तराव त्या रिकाम्या घरात उभेच होते.