व्हर्नाचे नऊ पॉइंट

शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा शेवटचा दिवस होता. व्हर्नाने जेवणाच्या टेबलावरचा पसारा बाजूला सारला, लॅपटॉप उघडला आणि समोर कॉफी घेऊन बसलेल्या धाकट्या भावाचा, ऑरिनचा, नोंदणी नंबर टाकला. पडद्यावर दोघांचे पॉइंट उमटले. व्हर्ना नऊ, ऑरिन चार, सरासरी साडेसहा.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साडेसहाच!

वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, शिकार अशी सहजासहजी मिळत नाही. दरवर्षी एकेक पॉइंट घेत थांबायचं. ज्याचे जास्त, त्याला परवाना आधी. दोघांनी मिळून अर्ज केला, तर सरासरी धरतात. तिने हेरलेल्या खोऱ्याचा परवाना गेल्या साली आठ पॉइंटांवर मिळाला होता.

विस्कॉन्सिनमध्ये शाळेची बस चालवणाऱ्या बाईला वाटाड्या, घोडे, लाकडी बंगली कुठून परवडणार? म्हणून तिने सगळं स्वतःच जुळवलं होतं. झोपायला ट्रकची मागची बाजू, खायला घरून गोठवून नेलेलं हरणाच्या मांसाचं चिली, म्हणजे तिखट रस्सा. कुठला ओढा ऑक्टोबरात आटतो, हेसुद्धा तिला पाठ होतं. आणि या दिवट्याला वर्षातून एकदा एक बटण दाबायचं होतं!

"ऑरिन, नऊ वर्षांत चारच पॉइंट?"

ऑरिनने कॉफीत साखर ढवळली. "आठवण राहिली त्या वर्षी घेतला गं."

"दर हिवाळ्यात इथे बसून माझं सॉसेज हादडताना बरी आठवण राहायची!"

"अगं, चिडतेस काय? मला वाटलं, तुला आवडतं हे. नकाशे बघायचे, याद्या करायच्या. खरंच जायचंय असं कुठे वाटलं मला?"

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसरला असता तर तिने चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण नऊ वर्षं हा समोर बसून माना डोलावत होता, आणि मनात म्हणत होता, म्हातारीचा खेळ चाललाय, चालू दे!

"दोन-तीन वर्षं थांब ना," तो म्हणाला. "होतील माझेही."

"एकसष्ट पूर्ण झालीत मला. गुडघा थांबणारे का तुझ्यासाठी?"

तिने त्याचं नाव अर्जातून काढलं, एकटीचा अर्ज भरला आणि पाठवून दिला. ऑरिन खुर्चीतून अर्धवट उठला.

"वेडी आहेस का? घोड्याएवढं जनावर ते! डोंगरातून एकटी कशी आणशील?"

"हाडं काढली की दोनशे पौंड मांस उरतं. चाळीस-चाळीस पौंडांच्या पाच फेऱ्या. जाऊन-येऊन सहा मैलांची एक."

"म्हणजे तीस मैल!"

"मोजलेत मी."

ऑरिनने कॉफीचा कप बाजूला सारला. मग पडेल आवाजात म्हणाला, "मी येऊ? ओझं वाहायला?"

तिला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण पाठीवर चाळीस पौंड घेऊन ती उतरण उतरायची म्हणजे काय, हे तिच्या गुडघ्याला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"ये," ती म्हणाली. "बंदूक घरी ठेवून ये."