एका चुकलेल्या अक्षराची कहाणी

मी एक जुनं जनुक आहे. इतकं जुनं, की माझी पहिली प्रत कुणाच्या शरीरात होती हे मलाही सांगता येणार नाही. आजीकडून मी बाबांकडे आलं आणि बाबांकडून त्यांच्या मुलीकडे. शाळेत तिला सगळे भिंगरी म्हणतात.

मित्रांनो, प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. कुणाची नक्कल काढायची आणि कुणाची थांबवायची, हे पाहणारे रखवालदार असतात. असाच एक रखवालदार बनवण्याची कृती माझ्यात लिहिली आहे. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीने पुरेसं हार्मोन बनवलं, की ते मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीत येऊन माझ्या रखवालदाराला भेटतं. मग तो 'अजून बनवा' या निरोपाची नक्कल थांबवतो. पिढ्यानपिढ्या मी हे काम चोख केलं. शाबासकी कुणी दिली नाही, पण तक्रारही कधी आली नाही.

पण आजीच्या जन्माआधी माझी प्रत उतरताना एक अक्षर चुकलं. एकच! तेव्हापासून माझा रखवालदार हार्मोनला ओळखेना. निरोप थांबेना. गळ्यातली ग्रंथी बिचारी राबत राहिली, फुगत गेली. हृदयातले रखवालदार मात्र दुसऱ्या जनुकाचे, अगदी धडधाकट. जादा हार्मोन आलं की ते इमानेइतबारे हृदय पळवायचे.

त्यामुळे भिंगरीची बाकावर सारखी चुळबुळ.

"बाकाला खिळे आहेत का गं?" बाई विचारायच्या.

"नाही बाई, स्प्रिंगा आहेत!"

वर्ग हसायचा. मला मात्र फार अपराधी वाटायचं.

तिचा गळा सुजला, रक्त तपासलं, हार्मोन वाढलेलं निघालं. गोळ्यांनी गुण येईना. डॉक्टर म्हणाले, "ग्रंथी काढून टाकू." गुरुवार ठरला. मित्रांनो, दोष माझा, आणि सुरी त्या निरपराध ग्रंथीवर!

बुधवारी रक्त तपासणाऱ्या ताईंचा डॉक्टरांना फोन आला. "हार्मोन एवढं वाढलंय, तर 'अजून बनवा' या निरोपाचा आकडा तळाला जायला हवा. तो खाली का येत नाही? मी तीनदा तपासलंय."

डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं आणि खाली न येणारा तो आकडा दाखवला. "घरात आणखी कुणाला हा त्रास होता?"

"नाही," बाबा म्हणाले. मी त्यांच्यातही होतं, पण त्यांना माझा त्रास कधी जाणवलाच नव्हता.

मागे बसलेल्या आजीने गळ्याचा रुमाल सोडला. आडवा, जुना व्रण होता.

"आई, तू तर गळू म्हणायचीस!"

"काय सांगणार होते? लोकांनी तुलाही रोगट ठरवलं असतं." मग ती डॉक्टरांना म्हणाली, "माझाही तो आकडा खाली नव्हता. मशीन बिघडलंय म्हणाले, आणि कापलं."

शस्त्रक्रिया थांबली. नव्या तपासणीत काही आठवड्यांनी मी सापडलं. डॉक्टरांनी कागदावर माझं चुकलेलं अक्षर दाखवलं. ग्रंथी वाचली; हृदयाची धावपळ आवरायला तेवढं औषध मिळालं.

आजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. "म्हणजे माझी उगाचच काढली?"

भिंगरीने तिचा हात धरला आणि घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, माझं अक्षर खोडून दुरुस्त करणं अजून कुणाला जमलेलं नाही. उद्या भिंगरीच्या एखाद्या बाळाकडेही मी जाईन. तेव्हा माझी लाज बाळगू नका. घरात कुणाला काय झालं होतं ते विचारा, आणि ठाऊक असेल ते लपवू नका. दवाखान्यात मला बोलता येत नाही. तिथे माझ्या वतीने घरच्याच कुणीतरी तोंड उघडायला हवं.