पुढच्या कोपऱ्यातली पट्टी

कॅरिसने आधी टायर बघितले. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर दोन वर्षांपूर्वीच्या एकाच आठवड्यातले निघाले. तिने वहीत 'टायर ठीक' असं लिहिलं. अक्षर सरळ आलं. गेल्या चार महिन्यांत तिचं सगळंच सरळ येत होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपला असूनही आपला नसतो, तसं तिचं नोव्हेंबरपासून चाललं होतं. तिचा नवरा ट्रेंट नोव्हेंबरमध्ये सोडून गेला होता.

घर विकलं गेलं होतं. शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या होत्या आणि सोमवारी नेब्रास्कातल्या एका इस्पितळात क्ष-किरण विभागात कामाला लागायचं होतं. तेरा आठवडे तिथे, मग पाठवतील तिथे पुढचे तेरा. राहायला म्हणून तिला एक फिफ्थ-व्हील हवी होती, म्हणजे पिकअपच्या पाठीवर मान टेकवून मागून येणारं चाकांवरचं घर. आज मंगळवार होता. वहीत दोनच पत्ते उरले होते. पहिला लॉइड श्रॉकचा, गोशेन गावाच्या बाहेर, मक्याच्या शेताला लागून असलेल्या मोठ्या पत्र्याच्या शेडचा.

बरोबर तिचे वडील व्हर्लिन होते. त्यांच्याकडे वडिलांना 'डॅट' म्हणतात. डॅटने एकतीस वर्षं याच जिल्ह्यात कॅम्परच्या, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यांत काढली होती, त्यामुळे ती त्यांना घेऊन आली होती. पण शेडमध्ये शिरल्यापासून डॅट कॅम्परकडे न बघता लॉइडशी बोलत उभे होते.

"बोंट्रेगर," लॉइड म्हणाला. सत्तरी ओलांडलेला, गॅलिसवाली पँट, कानात श्रवणयंत्र. "हनीव्हिलचे की मिडलबरीचे?"

"हनीव्हिलचे. ऑर्वा बोंट्रेगर माझे काका. लाकडाची गिरणी होती त्यांची."

"ऑर्वा! अहो, ऑर्वाची बायको म्हणजे आमच्या एल्सी आत्याची नणंद!"

"एल्सी म्हणजे ज्यांची गाय तळ्यात बुडाली त्या?"

"त्याच! आत्या गेली, पण गाय काही लोकांच्या तोंडातून जाईना."

तिसऱ्या मिनिटाला दोघांना एक सामाईक मेलेली आत्या सापडली होती. आता काही बघायची गरजच उरली नाही असे चेहरे करून दोघं हसत होते. मेनोनाइट, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती पंथातला, माणूस भेटला की आधी तो कुणाचा कोण हे काढायचं, मग बाकीचं. कॅरिस याच खेळात वाढली होती. पण पेशंट कुणाचा कोण हे कळलं म्हणून हाड कुठे मोडलंय ते कळत नाही.

"पोरी, बघ बघ, निवांत बघ," लॉइड म्हणाला. "पण मी सांगतो, आपल्या माणसांच्या हातची आहे. त्या कारखान्यात निम्मी आपलीच पोरं होती. आपली माणसं खोटं काम करत नाहीत."

ती कॅम्परखाली सरपटत गेली. पुढचा भाग पिकअपवर टेकतो तिथे सांगाड्यावर सगळा ताण येतो, म्हणून तिथल्या जोडांवर टॉर्च मारून तिने रंगाला केसासारखी भेग गेलीय का पाहिलं. नव्हती. मग भिंतीला गाल लावून लांबवर नजर टाकली. आत पाणी शिरलं की बाहेरचा पत्रा फुगतो आणि उजेडात लाट दिसते. लाट नव्हती. आत जाऊन तिने प्रत्येक पावलाला टाच दाबून जमीन तपासली. मोटरवर भिंतीबाहेर सरकणारी छोटी खोली बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. मोटरचा आवाज दोन्ही वेळा सारखाच होता आणि दाराच्या चौकटीशी फट वाढत नव्हती.

शेवटी ओल मोजायचं छोटं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा येतो. पंधराच्या आत असेल तर लाकूड कोरडं, विसाच्या वर काळजी. खिडक्यांखाली नऊ, दहा, नऊ. न्हाणीघराशी अकरा. पुढच्या बाजूला, पलंगाच्या उजवीकडच्या कपाटात वर कोपऱ्यात अकरा. तिने सगळे आकडे लिहिले. पंधरा वर्षांच्या कॅम्परला हे आकडे चांगले होते, जवळजवळ संशय यावा इतके चांगले. पण संशय येण्यासाठीही काहीतरी वाटावं लागतं.

स्वयंपाकाच्या ओट्याखालचा ड्रॉवर तिने पूर्ण बाहेर ओढला. जोड नुसत्या पिना मारून केलेत की स्क्रू लावलेत ते मागून दिसतं. स्क्रू होते. आणि मागच्या प्लायवर काळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं होतं. कारखान्यातली माणसं कधीकधी लिहून ठेवतात, कुणी बघणार नाही अशा जागी. तारीख, त्याखाली एकेका कामापुढे आद्याक्षरं.

"डॅट," तिने हाक मारली. "इकडे ये. तुझं नाव आहे."

डॅट आत आले, वाकले, चष्मा वर करून वाचलं. छत: व्ही. बी.

"हो," ते म्हणाले.

मागून लॉइडने मान घातली. "काय म्हणता! अहो, मग प्रश्नच मिटला! बांधणाराच दारात आला. यावर गोड पाई होऊन जाऊ दे, घरी भाजलेली. साखर-सायीची आहे, आत्ता आणतो." आणि तो लगबगीने घराकडे गेला.

डॅट तिथेच पलंगाच्या पायरीवर बसले. कॅरिसने वहीच्या शेवटच्या ओळीत 'घ्यायची' असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. बरं वाटायला हवं होतं. तिने क्षणभर वाट पाहिली. काही आलं नाही.

"थांब," डॅट म्हणाले.

"काय?"

"त्या कपाटात वरची पट्टी काढ. यंत्र खोल घाल. लांब सुया असतील तर त्या लाव."

"तिथे अकरा आलंय."

"वरवर आलंय. शेड सगळा हिवाळा तापवलीय त्याने. हीटर बघितलास ना? वरचं सुकणारच."

हे तिला स्वतःला सुचायला हवं होतं. हीटर तिने पाहिला होता, त्याच्यापाशी हातही शेकले होते. तिने कपाटात गुडघ्यांवर बसून स्क्रू काढले, पट्टी सैल केली आणि लांब सुया आतल्या लाकडात रेटल्या. रेटाव्या लागल्याच नाहीत. लोण्यात जाव्यात तशा गेल्या.

एकतीस.

डॅटने यंत्राकडे पाहिलंही नव्हतं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"किती आलं ते विचारणार नाहीस?"

"तिसाच्या वर असेल."

"तुला कसं माहीत?"

"छताची रबरी चादर पुढे खाली वळते आणि भिंतीला मिळते." डॅट शिकवत असल्यासारखे सावकाश बोलले. "त्या जोडावर एक धातूची पट्टी बसते. तिच्याखाली चिकट काळी फीत लावायची. कोपऱ्यावर ती फीत तोडायची नाही, वळवायची आणि वीतभर पुढे न्यायची. आम्ही कोपऱ्यावर तोडायचो. वरून फट बुजवायच्या लुकणाची रेघ ओढायची. छान दिसते रेघ. तपासणारा खालून बघतो, त्याला रेघच दिसते."

"आम्ही म्हणजे?"

"मी."

बाहेर शेडच्या पत्र्यावर वारा आपटत होता. कॅरिसला प्रश्न सुचत होते, एकामागून एक, आणि ती ते त्याच क्रमाने विचारत होती. पेशंटला 'कधी पडलात, कुठल्या हातावर पडलात' असं विचारतात तसे.

"वळवायला किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं."

"दोन कोपरे."

"आठ."

"दिवसाला छतं किती?"

"अकरा. ठरलेली अकरा झाली की सुटी. मग पाच वाजेपर्यंत थांबायचं कारण नाही. सगळा कारखाना तसाच पळायचा. कुणाची गुरं, कुणाचं शेत. दीडला आमची लाइन रिकामी."

अठ्ठ्याऐंशी मिनिटं. आकडा तिच्या डोक्यात आपसूक तयार झाला. दीडमध्ये ती मिळवली की जवळजवळ तीन होतात. तिच्या शाळेची बस तीन वाजता यायची. इतर मुलांच्या घरी त्या वेळी कुणी नसायचं, पण तिच्या गल्लीच्या तोंडाशी डॅट उभे असायचे, रोज, अंघोळ करून, ओल्या केसांवर टोपी घालून. मग ते घोड्याला दाणे घालायचे, किंवा दोघं गॅरेजमध्ये रेडिओ उघडून बसायचे. विज्ञानाची ओढ तिला त्या गॅरेजमध्ये लागली होती. ट्रेंट गेल्यावर एकदा बहिणीने तिला विचारलं होतं, 'आयुष्यातली खरी चांगली गोष्ट सांग.' तिने हीच सांगितली होती.

"किती वर्षं केलंस असं?"

"सहा. तू चौथीत गेलीस तेव्हापासून."

अकरा गुणिले आठवड्याचे पाच गुणिले पन्नास गुणिले सहा. तिने तो गुणाकारही मनात केला.

लॉइड दोन बशा घेऊन आला. पाईचे तुकडे एवढे मोठे की बशीबाहेर आले होते. कपाटाची सैल पट्टी आणि सुया खुपसलेलं यंत्र बघून तो दारातच थांबला.

"काय झालं?"

डॅट उभे राहिले. "लॉइड, या कोपऱ्यातलं लाकूड कुजलंय. छताचं काम मी चुकीचं केलं होतं. चुकून नाही. घाईत, मुद्दाम."

लॉइडने बशा ओट्यावर ठेवल्या, नीट, काटे सरळ करून. "पण मी दर वसंतात वरून लुकण मारतो."

"म्हणून तर इतकी वर्षं टिकली. पण पाणी बाजूने शिरतं."

लॉइडने कपाटापाशी येऊन नाक आत घातलं आणि हुंगलं.

"हा वास," तो म्हणाला. "माझी बायको, ओपल, म्हणायची, तुझ्या बुटांचा वास आहे. मी म्हणायचो, नाही गं. ती म्हणायची, मग कुणाच्या, माझ्या? पंधरा वर्षं मी बूट दाराबाहेर काढतोय, व्हर्लिन. फ्लोरिडात एकदा रात्रभर पाऊस पडला, सकाळी बुटांत पाणी. एकदा सरडा निघाला. मी पाय घातल्यावर निघाला."

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. मग लॉइडलाच थोडं हसू आलं आणि तेवढ्यातच गेलं.

"बूट नव्हते," डॅट म्हणाले.

"मी तिला तेच सांगत होतो."

"आता सांगा."

"आता?" लॉइडने श्रवणयंत्र चाचपलं, ऐकू येत असूनही. "ती आता तिकडे वृद्धांच्या संस्थेत असते, कॉलेजमागच्या. रोज दुपारी जातो मी. ती मलाच विचारते, तुम्ही कुणाचे कोण."

कॅरिसने यंत्राच्या सुया ओढून काढल्या, रुमालाने पुसल्या आणि पट्टीचे चारही स्क्रू परत लावले. वहीतल्या शेवटच्या ओळीवर तिने काट मारली.

"मी ही घेत नाही, लॉइड," ती म्हणाली.

"नाही पोरी, घेऊच नकोस." तो बशीकडे वळला. "पाई तरी खा."

तिने खाल्ली. गोड असणार होती, गोड होती. उभ्याउभ्याच संपवली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. तिथून इस्पितळात नेमणुका बघणाऱ्या बाईंना फोन लावला आणि सोमवारसाठी जवळपास एखादी मोटेलची खोली सुचवाल का, असं विचारलं. बाईंनी दोन नावं दिली आणि 'ठीक आहेस ना गं?' असं विचारलं. "हो," कॅरिस म्हणाली.

शेडच्या दारातून तिला डॅट शिडीवर चढताना दिसले. लॉइड खालून शिडी धरून उभा होता. ते दोघं काय बोलत होते ते काचेतून ऐकू येत नव्हतं. डॅटने कोपऱ्याची पट्टी बोटांनी चाचपली, काहीतरी सांगितलं. लॉइडने मान हलवली. एवढंच बराच वेळ चाललं होतं.

डॅट येऊन बसले. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"सोमवारपासून येऊन उघडतो म्हणालोय. भिंत काढावी लागेल. दोन महिने जातील."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, सकाळी ये. दुपारी तो नसतो."

तिने इंजिन सुरू केलं नाही. डॅट पुढे बघत होते.

"काहीतरी बोल," ते म्हणाले. "रागाव तरी."

"बघतेय," ती म्हणाली, आणि ती खरंच बघत होती. आत कुठे सुई टोचली तर दुखेल याचा अंदाज घेत होती. "तू बसपाशी उभा असायचास."

"हो."

"मला ते फार आवडायचं."

"माहीत आहे."

"मला अजून आवडतं ते," कॅरिस म्हणाली. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "त्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये."

डॅटने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मला मिडलबरीला सोड. तुझी काकू नेईल घरी. दुसरी तू एकटी बघ."

तिने वही उघडली. दुसरा पत्ता जवळच्याच टोपेका गावाचा होता, तीन वाजता बोलावलं होतं. दुसऱ्या कारखान्याची फिफ्थ-व्हील, सात वर्षांची, एका बाईने एकटीने वापरलेली.

"त्या कारखान्यात छतावर कोण होतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही. माझ्यासारखंच कुणीतरी असेल."

"मग तू वर चढ," कॅरिस म्हणाली आणि किल्ली फिरवली. "मी खालचं बघते. फीत कुठे तोडतात ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे."