मामा आणि लाल सिलिंडर

कार्यक्रमांत विनोद सांगून पोट भरणाऱ्या फिरक्याकडे विनोद हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच होते, पण कुणाला पत्ता लागू देईल तर शपथ! सगळ्या विनोदांत एकच मामा, आणि जिथं कार्यक्रम असेल तिथं तो मामा नोकरीला लागायचा. वकिलांच्या मेळाव्यात मामा तारखांवर तारखा मागायचा, शाळेत उशिरा येऊन फळ्यामागे लपायचा, दवाखान्यात स्वतःचं अक्षर वाचता येईना म्हणून पेशंटलाच विचारायचा. फिरक्या कार्यक्रमाआधी लवकर जाऊन वॉचमनशी, चहावाल्याशी गप्पा ठोकायचा. इथं कोण चिक्कू, लिफ्ट कुठं अडकते, कुठला पंखा नुसता शोभेला आहे. तेवढं मामाच्या गळ्यात बांधलं की जुना विनोद कोरा करकरीत. "हशा त्याच घरचा हवा, उसना चालत नाही," असं तो म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

या खेपेचा कार्यक्रम रंगाच्या कारखान्यात होता. धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, तिथंच नोकरीला. त्यांनीच शब्द टाकला होता. आदल्या दिवशी फिरक्या त्यांच्याकडे जेवायला गेला आणि बोलता बोलता दाजींच्या तोंडून निसटलं. इमारतीत आग विझवायचे सिलिंडर भिंतीभिंतीवर आहेत, पण भरलेला एकच. तपासणीवाले आले की तो पुढच्या पुढच्या मजल्यावर न्यायचा, आणि ते काम दाजींचं. "आणि तळघरातल्या थिनरच्या गोदामात रिकामाही नाही," दाजी म्हणाले. "आत माणूस, बाहेरून कुलूप. चोरीची भीती! फोनला रेंजसुद्धा नाही."

बहीण वाढता वाढता थांबली. "दादा, तिथं तुझी उकराउकर नको हं. मालक वाईट माणूस आहे. ठरलेलं बोल आणि ये."

"अगं हो, मला काय कळत नाही का?" हा म्हणाला. कळतं सगळं, पण जित्याची खोड!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कारखान्यात लवकर पोचला. वॉचमन म्हणाला, "इथं सगळं छान आहे." चहावाला ओटा पुसत म्हणाला, "इथं सगळं छान आहे." यंत्रावरची बाईही तेच, त्याच सुरात. एवढं छान ऐकलं की शहाण्याने तिथल्या तिथं गाशा गुंडाळावा. पण शहाणा असता तर या धंद्यात कशाला आला असता?

कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली होती. पुढे गादीच्या खुर्चीत मालक, मागे बाकांवर निळ्या डगल्यातली माणसं. दाजी दाराशी उभे होते. त्यांनी लांबूनच हसून धीर दिला. फिरक्याने पहिला विनोद टाकला. कुणी हसेना. सगळे मालकाच्या पाठीकडे बघत होते. मालक हसला तसे सगळे हसले, मालक थांबला तसे थांबले. दुसऱ्या विनोदालाही तेच. फिरक्याला शिव्या चालत, पण असला हशा नाही. बहिणीचं बोलणं आठवत होतं आणि जीभ मात्र सुटली होती.

"आमचा मामा सध्या कारखान्यात आहे बरं का! तिथं आग विझवायचा भरलेला सिलिंडर एकच. तपासणीचे साहेब लिफ्टने वर, मामा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिन्याने वर! साहेब म्हणतात, वा, इथंही भरलेला! शेवटच्या मजल्यावर साहेब विचारतात, सिलिंडर ठीक आहे हो, पण हा माणूस एवढा धापा का टाकतोय? मामा म्हणतो, साहेब, मी आगीची फार धास्ती घेतलीये!"

कँटीन फुटलं. मालकाकडे न बघता लोक हसले, बाक बडवले, एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. फिरक्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग त्याची नजर दाराकडे गेली. दाजी हसत नव्हते. चेहरा पार उतरला होता.

सगळे गप्प झाल्यावर मालक एकटाच हसला. उठून जवळ आला. "भारी आहे तुमचा मामा. कोण हो हा?"

"कुणी नाही साहेब, बनवलेला आहे."

"असं? मग पुन्हा सांगा. मजा आली."

सांगावं लागलं. या वेळी कुणी हसायला धजलं नाही. पण 'जिन्याने वर' म्हणताच माना वळल्या. कुणाच्या मनात नव्हतं, पण वळल्या त्या वळल्याच, दाजींकडे. मालकाने त्या माना पाहिल्या आणि मग दाजींना पाहिलं.

"यांनी घेतलीये होय धास्ती? एवढा काळजीवाहू माणूस वर कशाला वाया घालवायचा? खाली थिनरपाशी बसवू."

"उद्यापासून, साहेब?" दाजींनी विचारलं.

"उद्या कशाला?"

"साहेब, चूक माझी आहे," फिरक्या मध्ये पडला. "त्यांचा काही संबंध नाही, पाया पडतो."

"छे हो, तुम्ही तर हसवलंत," मालक म्हणाला आणि त्याची पाठ थोपटली. वॉचमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाजींच्या मागून जिना उतरला. दाजींनी वळून फिरक्याकडे पाहिलंही नाही.

खालून कुलूप लावल्याचा आवाज आला, तेवढ्यात फिरक्याचा फोन वाजला. बहीण होती.

"दादा, झाला कार्यक्रम? हसले का लोक?"

"हसले."

"बाई, सुटले! मला उगाच धाकधूक. ह्यांना दे ना जरा फोन, त्यांचा लागतच नाहीये."

समोर बाकांवर लोक खाली माना घालून बसले होते. फिरक्या जिन्याकडे बघत राहिला. जागा बघून बोलण्यात ज्याचा हात कुणी धरत नसे, त्याला या जागी एक शब्द सुचेना.